लक्ष्मीबाईच्या हाकेला ओ

ऐका, बायांनो. चिकलठाण्याच्या जुन्या कारखान्यांच्या मागं एक कॉलनी होती, नाव तिचं सहजीवन. तिच्या शेवटच्या गल्लीत रत्नमाला राहायची. घरात तिचा नवरा इंद्रजीत, सासू भामाबाई आणि एकुलती एक पोर श्रेया, नुकती अंगणवाडीत जायला लागलेली. शेजारी कारभारी भाऊंचं घर, त्याला लागून सुलेखाचं, आणि गल्लीच्या तोंडाशी पहिलंच घर लक्ष्मीबाईचं. ती एकटीच राहायची. मुलगा सुदर्शन पुण्याला.

कॉलनी काही कुण्या राजानं वसवली नव्हती. कारखान्यातल्या कामगारांनी पगार साठवून प्लॉट घेतले, एकमेकांच्या विटा वाहिल्या, एकमेकांच्या स्लॅबला रात्रभर पाणी मारलं. कुणाच्या गच्चीवर पंचशीलाचा झेंडा, कुणाच्या दारात तुळस. जयंतीची खीर तुळशीवाल्यांकडं जायची, दिवाळीचा चिवडा झेंडेवाल्यांकडं यायचा. एका घरी पाहुणे आले की चार घरच्या गाद्या तिथं पोचायच्या. कुणाच्या घरी मयत झाली की त्या दिवशी त्या घराला चहा-भाकरी गल्ली पुरवायची, विचारायची गरज नसायची.

पण त्या गल्लीची खरी गाठ बांधली होती ती पाण्यानं.

नळाला पाणी यायचं आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, आणि कोणत्या घटकेला येईल त्याचा नेम नाय. म्हणून घरोघरी अंगणात, जमिनीखाली हौद. लक्ष्मीबाईचं घर पहिलं, म्हणून नळ आधी तिचा फुसफुसायचा. तो फुसफुसला की म्हातारी हातातलं काम टाकून, उलथनं घेऊन बाहेर पडायची. गेटवर टण्... टण्... वाजवायची आणि हाक मारायची. "सुलेखाऽऽ!" आतून "आले मावशी!" अशी ओ आली की मगच पुढच्या गेटावर. "कारभारी भाऊऽऽ!" मग "रत्नमालाऽऽ!" ओ मिळाल्याशिवाय पाऊल पुढं टाकायचं नाय, हा तिचा नेम होता. पाणी आलं असं ती सांगतसुद्धा नसे. नुसतं नाव घेतलं की गल्लीला कळायचं.

श्रेयाला तर ती हाक म्हणजे खेळच झाला होता. रत्नमालेच्या आधी तीच ओरडायची, "आले आजी!" आणि म्हातारी गेटापलीकडून म्हणायची, "तू कशाला येतीस गं चिमणे? तुझा हौद केवढा, वाटीएवढा?"

चैत्र सरत आला होता. ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा गाडीखालून हलत नव्हतं. अशा एका दुपारी हाक आली. "सुलेखाऽऽ!" सुलेखा पडल्या पडल्याच म्हणाली, "आले मावशी!" मग "कारभारी भाऊऽऽ!" त्यांनीही ओ दिली. "रत्नमालाऽऽ!" रत्नमालेनं पोरीला थोपटता थोपटता, डोळे न उघडताच ओ दिली, "आले!"

उठून नळ सोडला तर थेंब नाय.

"म्हातारीला भास व्हायला लागले," भामाबाई म्हणाल्या, "नळाचं स्वप्न पडलं असंल. वयच झालं." सगळे हसले आणि पुन्हा कूलरसमोर आडवे झाले. आज उलथनं वाजलंच नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाय.

संध्याकाळी कारभारी भाऊ दूध द्यायला गेले तेव्हा हौदाचं झाकण उघडं होतं आणि लक्ष्मीबाई आत होती. पाणी बघायला वाकली आणि गेली. हौदाच्या भिंतीवर तिच्या बोटांचे ओरखडे होते. दुपारी त्या हौदातून ती एकेकाचं नाव घेत होती, आणि गल्ली एकेक करून ओ देत होती. ओ सगळ्यांनी दिली. गेलं कुणीच नाय.

सुदर्शन आला, दिवस-पाणी केलं. हौद उपसून कोरडा केला, नळाचं कनेक्शन तोडून घेतलं, नवं जड लोखंडी झाकण लावलं, गेटाला कुलूप घातलं आणि किल्ली कारभारी भाऊंच्या हातात देऊन पुण्याला निघून गेला. जाताना कुणाला दोष दिला नाय. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर गल्लीतली माणसं एकमेकांच्या नजरा चुकवायला लागली. वाट्या जायच्या-यायच्या थांबल्या. ज्याचा नळ फुसफुसेल तो आपापलं पाणी भरून घ्यायचा, गुपचूप.

आणि वैशाख तापायला लागला तशी हाक परत आली.

पहिल्यांदा ती रत्नमालेनं ऐकली तेव्हा ती भांडी घासत होती. वरून विमान गेलं, त्याची घरघर विरली आणि मागं जी शांतता उरली तिच्यात गल्लीच्या तोंडाकडून आवाज आला. टण्... टण्... आणि मग, खोल, ओला, एखाद्या रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा आवाज.

"सुलेखाऽऽ..."

रत्नमालेच्या हातातली ताटली तशीच राहिली. गरम वाऱ्यावर एक वास आला. ओल्या गंजाचा, शेवाळाचा. भर वैशाखात, जिथं कुंड्यांतली माती भेगाळली होती तिथं, ओलीचा वास.

गल्लीत कुणीच ओ दिली नाय. पटापट खिडक्या लागल्या तेवढ्या ऐकू आल्या.

मग ते रोजचंच झालं. दुपार कलायच्या आधी, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येते त्या वेळेला, टण्... टण्... "सुलेखाऽऽ..." ओ मिळायची नाय, म्हणून हाक पुढं सरकायची नाय. मेल्यावरही म्हातारीनं आपला नेम मोडला नव्हता. सुलेखाच्या गेटापाशीच ती थांबलेली असायची. सुलेखा वाळून काठी झाली.

इंद्रजीत शेंद्र्याच्या कारखान्यात कंत्राटावर होता. रत्नमालेनं त्याला सांगितलं तर तो चिडला. "आपल्या घरात भुताखेताचं नाव काढायचं नाय. आपण बुद्धाची माणसं. कबुतरं असतील, नायतर कारट्यांचा चाळा."

"कबुतर सुलेखाचं नाव घेतंय व्हय?"

"घेतंय तर घेऊ दे. तुझं तर घेत नाय ना?"

पण सुट्टीच्या दिवशी तो घरी होता. टण्... टण्... झालं. त्यानं रत्नमालेकडं बघितलं नाय. उठला आणि कूलरचं बटण मोठ्यावर केलं.

भामाबाईंना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं त्यांना काहीच कळत नव्हतं. "सगळी गल्ली दुपारी खिडक्या लावून बसती, चोर येणार हायेत का काय? दारू गाळताय का रे सगळे?" असं त्या गेटात उभं राहून विचारायच्या आणि कुणी हसायचं नाय.

अशात एका दुपारी हाक पुढं सरकली.

"सुलेखाऽऽ..." झालं. नेहमीसारखी शांतता पसरली. आणि मग टण्... टण्... जवळून आलं.

"कारभारी भाऊऽऽ..."

रत्नमाला उठून बसली. म्हणजे सुलेखाच्या गेटावर ओ मिळाली होती. कुणी दिली? संध्याकाळी तिनं सुलेखाला भिंतीवरून गाठलं.

"वहिनी, तुम्ही ओ दिली का?"

"माझ्या लेकरांची आण, रत्ना. तोंडात पदर कोंबून बसले होते मी." सुलेखाचे ओठ पांढरे पडले होते. "पण मीही ऐकलं... कुणीतरी दिली. बारीक आवाजात."

दुसऱ्या दिवशी रत्नमालेनं डोळा लागू दिला नाय. श्रेया गार फरशीवर पालथी पडली होती, खिडकीच्या गजांशी तोंड करून. हाक आली, कारभारी भाऊंच्या नावाची. आणि रत्नमालेच्या डोळ्यांसमोर पोरीचे ओठ हलले. अगदी हळू, गुपित सांगावं तसं.

"आलो मावशी..."

कारभारी भाऊ द्यायचे तशीच ओ. त्यांच्याच ठसक्यात.

रत्नमालेनं तिला उचलून छातीशी धरलं. "काय केलंस गं? कुणाला ओ दिलीस?"

"आजीला. तिचे पाय दुखतात गं आई उभं राहून. कुणीच ओ देत नाय, मग ती पुढं कशी येणार? म्हणून मी सगळ्यांची ओ देते."

"आता नाय द्यायची. कधीच नाय."

पोर म्हणाली, "पण आता आपलाच नंबर हाय."

आणि त्यांच्या गेटावर वाजलं. टण्... टण्...

"रत्नमालाऽऽ..."

रत्नमालेनं पोरीच्या तोंडावर हात दाबला. हाताखाली ओठ हलत होते. हाक पुन्हा आली, पुन्हा आली. दाराच्या फटीतून ओल्या गंजाचा वास आत पसरला. कूलरच्या वाऱ्यातही. मग एक विमान डोक्यावरून गेलं आणि त्याच्या घरघरीत सगळं बुडालं.

त्या रात्री रत्नमाला इंद्रजीतपुढं रडली. "माझी पोर मला पाहिजे. तुम्ही काही म्हणा, उद्या हिला घेऊन मी अजिंठ्याला जाते, माहेरी." आधीच दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. श्रेया तेवढी हाती लागली होती. इंद्रजीत मान खाली घालून म्हणाला, "उद्या फर्स्ट शिफ्ट हाय. दुपारून येतो, चारच्या बसनं पोचवतो."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. भामाबाई पलंगावर घोरत होत्या. रत्नमाला पोरीचा फ्रॉक घडी करत होती, पोर भिंतीशी बाहुली घेऊन बसली होती. एवढ्यात टण्... टण्... झालं. रत्नमालेनं कानांवर हात ठेवले, डोळे मिटले, त्रिशरण म्हणायला लागली. तरी ऐकू आलंच.

"रत्नमालाऽऽ..."

आणि ओ आली. "आले आजी..."

ती भिंतीकडून आली नव्हती. बाहेरून आली होती, गल्लीच्या तोंडाकडून.

डोळे उघडले तर बाहुली होती, पोर नव्हती.

रत्नमाला अनवाणी धावली. रस्ता तव्यासारखा तापला होता. सगळ्या खिडक्या बंद, सगळी दारं बंद, गल्लीत सावलीसुद्धा नाय. लक्ष्मीबाईच्या गेटाला कुलूप जसंच्या तसं. पण गेटाच्या दोन गजांच्या फटीत श्रेयाच्या केसांची गुलाबी रिबीन अडकली होती.

भिंतीवर ती कशी चढली ते तिचं तिलाच नाय सांगता यायचं. अंगणात हौदाचं लोखंडी झाकण बाजूला सरलं होतं. ते झाकण सरकवायला दोन बाया लागायच्या. तिनं आत वाकून बघितलं.

उपसून कोरडा केलेला, कनेक्शन तोडलेला तो हौद भरलेला होता. काळं, गार पाणी. आणि श्रेया गळ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी तोडलेल्या नळाचा पाईप धरून, वर बघत होती. रडत नव्हती.

रत्नमाला पालथी पडली, हात लांबवला. बोटाला बोट लागलं. धरता येईना. अजून वाकली असती तर तीही आत गेली असती, आणि मग दोघींना कोण काढणार?

तिनं मान वळवली आणि जीव खाऊन हाक मारली.

"सुलेखाऽऽ!"

कुठून ओ नाय.

"कारभारी भाऊऽऽ! भाऊऽऽ!"

खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला. तेव्हा तिला कळलं. भर दुपारी, लक्ष्मीबाईच्या अंगणातून, हौदाच्या तोंडाशी एक बाई त्यांची नावं घेत होती. दाराआड ती माणसं काय ऐकत असतील! त्या दिवशी म्हातारीनं जसं हाकारलं तसंच आज ती हाकारत होती. तेव्हा निदान ओ तरी आली होती...

"मी हाय हो... मी रत्ना हाय... या ना कुणीतरी..."

दाराआड सुलेखा तोंडात पदर कोंबून बसली होती. तिनं ती हाक ऐकली, पुन्हा ऐकली. तिला वाटलं, म्हातारीच आहे, आज रत्नाच्या आवाजात बोलवतीय. दार उघडलं तर आपण गेलो. मग तिच्या मनात आलं, म्हातारी असली तरी काय झालं? तिला आपण एकदा 'आले' म्हणालो होतो. म्हणालो आणि गेलो नाय. तिनं तोंडातला पदर काढला.

"आले!" ती ओरडली आणि दार उघडून खरंच आली.

सुलेखाचं दार वाजलेलं ऐकून कारभारी भाऊ किल्ली घेऊन निघाले, त्यांच्यामागं त्यांची मंडळी, मग आणखी दारं. कुलूप निघताच सुलेखानं रत्नमालेचे पाय धरले, रत्नमाला कमरेपर्यंत हौदात वाकली आणि पोरीचं मनगट तिच्या मुठीत आलं.

पोर बाहेर आली. थंडगार, ओठ निळे. कारभारी भाऊंनी तिला पालथी धरून थोपटलं, तिनं पाणी ओकलं, श्वास घेतला. तेव्हा कुठं रत्नमालेनं टाहो फोडला. भामाबाई लगबगीनं आल्या, काय झालं ते बघितलं आणि सगळ्या गल्लीवर खेकसल्या, "मी बहिरी, मला ऐकू आलं नाय. तुम्हाला काय झालं होतं रे?"

सुलेखानं पोरीला आपल्या पदरात गुंडाळलं.

इंद्रजीत शिफ्टवरून आला तेव्हा पोर अजून ओलीचिंब होती. तो आणि कारभारी भाऊ बॅटरी घेऊन हौद बघायला गेले. आत पाणी नव्हतं. तळाला धूळ होती, कडुनिंबाचा वाळका पाला होता, आणि त्या धुळीत श्रेयाची एक चप्पल, कोरडीठाक. इंद्रजीतनं स्वतःच्या सदऱ्याला हात लावला. पोरीला पोटाशी धरलं होतं, तिथं सदरा अजून ओला होता.

त्यावर गल्लीत दोन तट पडले. "लक्ष्मीबाईनं हाकारलं म्हणून पोर सापडली," भामाबाई म्हणायच्या. सुलेखा हळूच म्हणायची, "तिनं हाकारलं म्हणून तर पोर गेली, मावशी." कोण खरं ते कुणाला ठाऊक. पण एक मात्र झालं. त्या दिवसापासून सहजीवनच्या शेवटच्या गल्लीत आतून ओ द्यायची रीत मोडली. हाक आली की हातातलं टाकायचं, गेटात यायचं, तोंड दाखवायचं आणि मगच 'आले' म्हणायचं. जे आलं नाय त्याच्या घरात इतरांनी जायचं, आजारी हाय का काय ते बघायचं. दुपारच्या हाका बंद झाल्या. ओलीचा वास गेला. खिडक्या उघडल्या, वाट्या पुन्हा भिंतीवरून जायला-यायला लागल्या.

आणि त्या घराला दिवस चांगले आले. इंद्रजीत कारखान्यात कायम झाला. रत्नमालेची कूस पुन्हा भरली आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे तिला मुलगा झाला, धडधाकट. त्याचं नाव सम्यक ठेवलं. बारशाला सगळी गल्ली राबली, चार घरच्या गाद्या एका घरात आल्या, खिरीचं पातेलं रस्त्यावरच चुलीवर चढलं. त्या घराला जशी माणसं मिळाली तशी हाकेला धावणारी माणसं, बायांनो, तुम्हाआम्हाला मिळोत.

श्रेया आता शाळेत जाती. हुशार हाय. फक्त एक झालं. त्या दिवसापासून तिनं कुणाच्या हाकेला ओ दिली नाय. हाक मारली की येती, समोर उभी राहती, काय पाहिजे ते विचारती. पण ओ देत नाय. डॉक्टरला दाखवलं, कानात दोष नाय. बाईंनी हजेरी घेतली तरी नुसता हात वर करती.

आता पाण्याची हाक सुलेखा मारती. तिचा नळ आता पहिला. उलथनं घेऊन एकेका गेटावर जाती आणि माणसं गेटात येऊन उभी राहतात. "आलो," कारभारी भाऊ म्हणतात. "आले," रत्नमाला म्हणती, कडेवर सम्यक, दुसऱ्या हाताला श्रेया. शेवटच्या गेटापर्यंत ओ जाती. मग सगळे क्षणभर तसेच थांबतात. कुणी हलत नाय, कुणी गल्लीच्या तोंडाकडं बघत नाय.

कारण अजून एक ओ यायची असती. ती येतीच. जरा उशिरानं, कुलूप लावलेल्या अंगणातून, खोलातून, ओल्या आवाजात...

"आले आजी..."

रत्नमाला श्रेयाचा हात घट्ट धरती आणि खाली तिच्या तोंडाकडं बघती. पोरीचे ओठ मिटलेले असतात.

आवाज मात्र तिचाच असतो.